मंडळीला भजन गायला कसं लावायचं: आमच्या आजीची पद्धत

आमची आजी नगरची. नऊवारी, दोरीनं बांधलेला चष्मा, आणि चर्चमधल्या पेटीवर हक्क फक्त तिचा. रविवारी भजन चालवायची पाळी तुमच्यावर आली, तर तिनं शिकवलेलं सांगते.

आधी पट्टी, म्हणजे सा कुठं धरायचा ते. स्वतःच्या गळ्याची सोय बघू नका. शेवटच्या बाकावरच्या म्हाताऱ्यांनाही वरचा सा गाठता आला पाहिजे. आजी काळी एकच, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टीच सा म्हणून धरायची, बायका कुरकुरल्या तरी.

मग 'उपासना संगीत' हे आपलं ख्रिस्ती भजनांचं पुस्तक उघडून अक्षरं मोजा. त्यात ज्यांची भजनं आहेत त्या कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, पण अभंगाची रचना काही सोडली नाही. मोठ्या अभंगाच्या कडव्यात सहा, सहा, सहा, चार अशी अक्षरं. हे जुळलं की चाल येत नसली तरी ओळखीच्या कुठल्याही अभंगाची चाल चपखल बसते. आजी हे बेधडक करायची. ठेका भजनी, आठ मात्रांचा, अंगठीनं पेटीच्या फळीवर टकटक.

भाता डाव्या हातानं, सलग. हिसका दिलात की सूर डचमळतो. धृपद दोनदा एकट्यानं म्हणा, तिसऱ्यांदा गप्प राहून नुसती मान हलवा. लोक उचलतात. नाहीच उचललं तर आजी विचारायची, "काय गं बायांनो, न्याहारी नाही केली?"

झांजवाला पोरगा पुढं पळतो, त्याला शेजारीच बसवा.

शेवटी पाळकांनी लांबलचक प्रार्थना धरली तर सा हलकेच दाबून ठेवा. आजीचा सा हळूहळू चढत जायचा, आणि पाळकसाहेब घाईनं आमेन म्हणायचे.