सोनेरी ‘लायका’ आणि सराफाची कसोटी: जुना कॅमेरा पारखताना या चुका टाळा

गेल्या वर्षी माझा आतेभाऊ एक सोनेरी लायका कॅमेरा घेऊन थेट नाशिकच्या सराफ बाजारात गेला. वरच्या पट्टीवर जर्मन अक्षरे, 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकची पाच वर्तुळे आणि खाली एक क्रमांक कोरलेला होता. सराफांनी खालची कड कसोटीवर घासली आणि मुलामा सोन्याचाच असल्याचे सांगितले. तेवढ्यावर भावाने कॅमेरा अस्सल ठरवला, आणि घासल्याचा ओरखडा मात्र कायमचा राहिला. सोने खरे निघाले म्हणजे कॅमेरा खरा, ही या क्षेत्रातील सर्वांत महागडी समजूत आहे, कारण बनावट कॅमेऱ्यालाही खरा मुलामा देता येतो.

लायका बनवणाऱ्या, जर्मनीतील वेट्झलरच्या लाइट्झ कारखान्याने सोनेरी लायका काढल्या होत्या हे खरे. पण 1929 पासून काढलेल्या त्या ‘लक्सस’ कॅमेऱ्यांची संख्या शंभराच्याही आत होती, आणि ते अंगचा रेंजफाइंडर (अंतर मोजून फोकस साधणारी यंत्रणा) नसलेल्या पहिल्या मॉडेलवर बेतलेले होते. रेंजफाइंडर लायकाच्या अंगात आला तो 1932 च्या दुसऱ्या मॉडेलपासून. भावाच्या कॅमेऱ्याला समोर रेंजफाइंडरच्या खिडक्या होत्या, तेव्हाच संशय यायला हवा होता. बाजारातील बहुतेक सोनेरी किंवा ‘लष्करी’ लायका मुळात सोव्हिएत फेड किंवा झोर्की असतात. खारकीवमध्ये 1934 पासून निघालेला फेड आणि क्रास्नोगोर्स्कमध्ये 1948 पासून निघालेला झोर्की, दोन्ही लायकाच्याच नमुन्यावर घडलेले. त्यामुळे जुने नाव घासून नवे कोरले की सोंग पुरे होते. देवळालीसारख्या छावणीच्या गावाजवळ ‘साहेबाच्या सामानातला’ ही पुस्ती सहज खपते. गंमत अशी की जर्मन हवाई दलाच्या अक्षरांच्या अस्सल लायकाही अस्तित्वात आहेत, त्यामुळे कोरीव अक्षरे ना पुरावा ठरतात, ना खोटेपणाची खूण.

म्हणून वरची पट्टी नव्हे, लेन्समागचे तोंड पाहावे. स्क्रू माउंटची, म्हणजे आट्यांनी बसणारी लेन्स समोरून पाहताना घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने अलगद फिरवून काढली की आत वरच्या बाजूला रेंजफाइंडरचा छोटा दांडा दिसतो. अस्सल लायकात त्याच्या टोकाला गोल, फिरणारी चाकी असते. फेड आणि झोर्कीत तिथे सहसा पाचरीसारखी घट्ट जीभ असते. सराफाकडील भिंगाचा खरा उपयोग इथे होतो. आम्ही त्याच भिंगातून पाहिले, तेव्हा भावाच्या कॅमेऱ्यात जीभच निघाली.

लेन्सचीही अशीच परीक्षा घेता येते. लायकाच्या 50 मिलिमीटरच्या एल्मार लेन्समध्ये प्रकाश कमी-जास्त करणाऱ्या छिद्राची पाती पहिल्या काचेच्या लगेच मागे बसवलेली असतात, तर सोव्हिएत इंडस्टारमध्ये ती दुसऱ्या काचेच्या मागे, अधिक खोलवर दिसतात. पुढच्या कडीवर ‘एल्मार’ कोरलेले असले तरी पात्यांची जागा बदलणे नकली करणाऱ्याला परवडत नाही.

क्रमांकाच्या बाबतीत दोन्ही बाजूंनी चूक होते. लायकाच्या क्रमांकांच्या तक्त्यात कॅमेऱ्यावरचा क्रमांक सापडला म्हणून निश्चिंत होऊ नये. तो क्रमांक कोणत्या मॉडेलचा आहे हे पाहावे. क्रमांक तिसऱ्या मॉडेलचा असेल, तर समोर शटरच्या कमी वेगांची छोटी चकती हवी. उलट, क्रमांक मॉडेलशी जुळत नाही म्हणून लगेच नकली म्हणण्याचीही घाई नको, कारण कारखाना जुने कॅमेरे मूळ क्रमांक राखून नव्या मॉडेलमध्ये रूपांतरित करून देत असे. वरची शटर-वेगांची चकती अधिक बोलकी आहे: युद्धपूर्व लायका म्हणून दाखवलेल्या कॅमेऱ्यावर 25, 50, 100, 250, 500 असे आकडे असतील, तर तो सोव्हिएत कॅमेरा समजावा. आकडे तपासताना शटर आधी चढवूनच (फिल्म पुढे सरकवण्याची कळ फिरवून) चकती फिरवावी. न चढवता फिरवल्यास झोर्कीची यंत्रणा बिघडू शकते.

कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या गोष्टींविषयी थोडेसेच. दादासाहेब फाळक्यांचा जन्म त्र्यंबकेश्वरचा आणि त्यांचा स्टुडिओही नाशिकमध्ये होता, म्हणून इथे जुन्या कॅमेऱ्याला त्यांचे नाव सहज चिकटते. ‘राजा हरिश्चंद्र’ 1913 चा आणि लायका बाजारात आली 1925 मध्ये. त्या चित्रपटाच्या काळातली लायका कुणी दाखवू लागला, तर कागदपत्रे मागण्याचीही गरज उरत नाही.

घरी आणल्यावर पितळ चकचकीत करण्याचा मोह आवरावा. झिजलेला काळा रंग आणि स्क्रूंच्या खाचांवरच्या जुन्या खुणा हाच तर पारखणाऱ्याचा आधार असतो. पावसाळ्यानंतर लेन्स उजेडासमोर धरून कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी पाहावी. ती अस्सल एल्मारमध्येही निघते आणि किंमत पाडायला पुरेशी असते. भावाचा कॅमेरा झोर्कीच ठरला. शटर ठीक चालत असल्याने त्याने त्यात काळी-पांढरी फिल्म घातली आणि गोदाघाटावरचे पहिले चित्र बरे आले; पैसे मात्र त्याने लायकाचे मोजले होते.