रिलॅक्स एनजी: मूळ स्कीमाला हात न लावता बदल

नाशिकच्या द्राक्ष पॅकहाउसच्या पावत्यांसाठी आमचा एकच मूळ स्कीमा आहे, म्हणजे पावतीच्या एक्सएमएल फाइलमध्ये काय कुठे यावं याचे नियम. तो रिलॅक्स एनजी या स्कीमा-भाषेत लिहिलेला आहे. दिंडोरीला एक बदल हवा असतो, निफाडला दुसरा. दर वेळी फाइलची कॉपी काढली की पुढच्या हंगामात खरी फाइल कुठली, तेच कळत नाही. कॉपी काढूच नका.

१. नव्या फाइलच्या 'ग्रामर'मध्ये (सगळ्या व्याख्या ठेवणारा बाहेरचा टॅग) मूळ फाइल 'इन्क्लूड' करा.

२. व्याख्या पूर्ण बदलायची असेल, तर त्याच नावाचं 'डिफाइन' इन्क्लूडच्या आत लिहा. जुनी व्याख्या गळते, नवी लागू होते. 'स्टार्ट'ही (सुरुवात कुठल्या टॅगने व्हावी ते सांगणारा भाग) असंच बदलता येतं.

३. जुनीत भर घालायची असेल, तर डिफाइन इन्क्लूडच्या बाहेर लिहून त्याला 'कंबाइन' द्या. 'चॉइस' म्हणजे हे किंवा ते. 'इंटरलीव्ह' म्हणजे दोन्ही, क्रम कुठलाही. नवीन ॲट्रिब्यूट (टॅगच्या आत लिहायची नाव-किंमत जोडी) जोडायला इंटरलीव्हच वापरा. कॉम्पॅक्ट सिंटॅक्समध्ये (टॅग न वापरता थोडक्यात लिहायची पद्धत) चॉइस आणि इंटरलीव्हच्या खुणा '|=' आणि '&='.

आत की बाहेर, सगळा फरक इथेच आहे. मूळ व्याख्येत कंबाइन नसताना तुम्हीही ते न देता बाहेर लिहिलं, तर एकाच नावाच्या दोन व्याख्या झाल्याचा एरर येतो. माझा अख्खा दिवस त्यात गेला होता.

मूळ स्कीमा तुमचाच असेल तर भर घालायला आधीच जागा ठेवा: चॉइससाठी 'नॉट अलाउड' (काहीच चालत नाही), इंटरलीव्हसाठी 'एम्प्टी' (रिकामं) अशी व्याख्या असलेली नावं. पुढे फार सोपं जातं.

खबरदारी: इन्क्लूडच्या आतलं नाव मूळ फाइलमध्ये असायलाच हवं, आणि एकाच नावावर चॉइस-इंटरलीव्हची सरमिसळ चालत नाही.