चोवीस गाणी ठेवू नका

ख्रिस्ती भक्तिगीतांच्या रेडिओ स्टेशनवर गाण्यांचं शेड्यूल लावायच्या कामाला लागून आठवडाही झाला नव्हता, तेवढ्यात खडकीहून एका मावशींचा फोन. "बाळा, रोज सहाला तेच गाणं लावतोस होय रे? ते लागलं की मी दूध गॅसवर ठेवते."

चूक माझीच. जुन्या भजनांच्या कॅटेगरीत मी मोजून 24 गाणी भरली होती आणि दर तासाला त्यातलं एक वाजत होतं. दिवसाचे तासही 24, म्हणजे आज सहाला जे वाजलं ते उद्याही सहालाच. 25 केली तर गाणं रोज एकेक तास पुढे सरकतं, तेही लोकांच्या लक्षात येतं. आता मी 29 ठेवतो. आज सकाळी सहाला वाजलेलं गाणं उद्या अकराला येतं, परवा दुपारी चारला. या कामाला सूर-तालाआधी पाढे यावे लागतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

आमचं स्टेशन पुण्याच्या कॅम्पातल्या एका खोलीतून इंटरनेटवर चालतं. खाजगी एफएमचा परवाना धार्मिक संस्थांना मिळत नाही, त्यामुळे तुम्ही या क्षेत्रात आलात तर बहुधा अशाच खोलीत याल.

गाणं निवडताना आधी शब्द वाचा, चाल नंतर ऐका. शब्दांबद्दल शंका आली की मी चर्चच्या पाळकांना विचारतो. मग हक्क. ख्रिस्ती अभंग लिहिणारे कवी नारायण वामन टिळक 1919 साली गेले. आपल्याकडे कवीच्या मृत्यूनंतर 60 वर्षं कॉपीराइट राहतो, म्हणजे त्यांचे अभंग केव्हाच मोकळे झाले. पण तोच अभंग एखाद्या तरुण मंडळाने गेल्या वर्षी रेकॉर्ड केला असेल, तर ते रेकॉर्डिंग मोकळं नाही. "देवाचं काम आहे, हक्क कसले?" असं गाणारे दादा हमखास म्हणतात. हेच त्यांच्याकडून सहीनिशी लिहून घ्या.

शेड्यूल लावताना एकाच गायकाची दोन गाणी तासाभरात येऊ नयेत, संथ गाणी ओळीने तीन लागू नयेत, एवढं सॉफ्टवेअर सांभाळतं. कानाचं काम मात्र त्याला जमत नाही. पेटी-तबल्यावरचं जुनं रेकॉर्डिंग संपून लगेच गिटार-ड्रम सुरू झाले की रात्रपाळीची नर्स दचकते. अशा दोघांमध्ये मी नुसत्या आवाजातलं बायबलचं एखादं वचन ठेवतो.

सगळ्यात जास्त घोळ कॅलेंडरचा. नाताळ जागचा हलत नाही, पण ईस्टर, म्हणजे वधस्तंभावर मेलेल्या येशूच्या पुनरुत्थानाचा सण, 2024 ला 31 मार्चला होता आणि 2025 ला 20 एप्रिलला. मी जुन्या वर्षाचं शेड्यूल कॉपी केलं आणि तारखा बदलायच्या विसरलो. लेंट, म्हणजे ईस्टरआधीचे उपवासाचे दिवस, 5 मार्चला सुरू झालेले, आणि 31 मार्चला आमच्याकडे सकाळपासून पुनरुत्थानाचा जल्लोष! कॅथलिक उपासनेत तर लेंटमध्ये 'हालेलुया' हा स्तुतीचा शब्दही म्हणत नाहीत. फोन वाजायचा थांबेना. एका आजोबांनी शांतपणे विचारलं, "काय रे, यंदा वधस्तंभ नाहीच का?" मला उत्तर सुचलं नाही. तेव्हापासून सणांची गाणी तारखेला बांधायची नाहीत, ईस्टरच्या आधी किती दिवस आणि नंतर किती दिवस असं मोजून बांधायची. जानेवारीतच नव्या वर्षाची ईस्टरची तारीख भिंतीवर लिहायची.

29 चा हिशोब बसल्यावर मला फार हुशारी वाटत होती. मग मावशींचा पुन्हा फोन. त्यांचं गाणं आता सहाला 29 दिवसांतून एकदाच यायचं. "गाणंच लागत नाही रे, मग दूध ठेवायचं राहतं." सहाचं गाणं आता मी सॉफ्टवेअरवर सोडत नाही, हाताने लावतो. सोमवार ते शनिवार, त्यांचंच.