भानगडखोर पूर्वजाचा कागदोपत्री माग

सरळमार्गी माणसाचा माग काढणे सर्वांत अवघड, कारण जन्म, शेती आणि मृत्यू यांपलीकडे त्याने लिहून ठेवण्याजोगे काही केलेले नसते. याउलट ज्याने जमीन उडवली, दुसरे घर केले किंवा जो रातोरात पलटणीत भरती झाला, असा पूर्वज कर्जे, दावे आणि वाटण्या यांच्या निमित्ताने पुनःपुन्हा दप्तरात येतो. म्हणून शोधाला सुरुवात त्याच्या भानगडींपासूनच करावी.

घरातल्या वडीलधाऱ्यांनी सांगितलेली हकिकत आधी जशीच्या तशी टिपून घ्यावी. दुरुस्त्या नंतर करता येतात. त्याचे पूर्ण नाव, वडिलांचे नाव आणि गाव निश्चित केल्याशिवाय मात्र पुढे जाऊ नये. आपल्याकडे आजोबांचे नाव नातवाला ठेवतात, त्यामुळे एकाच घरात 'गणपत बिन राणोजी' दोनदा सापडू शकतो. जुन्या कागदांत 'बिन' म्हणजे अमक्याचा मुलगा, 'कोम' म्हणजे अमक्याची बायको.

त्यानंतर तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात अर्ज करून दोन गोष्टी मागाव्यात: जन्ममृत्यूची नोंदवही, म्हणजे गाव नमुना 14, जिला लोक कोतवाल बुक म्हणतात, आणि फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कांतील बदलांची नोंद, गाव नमुना 6. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा 1903 साली झाला, त्यामुळे फेरफार त्यापूर्वीचे मिळत नाहीत. फेरफारातली वारसनोंद सावकाश वाचावी. मुंबई प्रांतात 1946 च्या कायद्याने हिंदूंच्या द्विभार्या विवाहाला बंदी येईपर्यंत दुसरी बायको बेकायदा नव्हती, त्यामुळे घरात जिचे नावही कोणी काढत नाही, ती तिथे विधवा म्हणून नोंदलेली आढळू शकते. तिच्या लहान मुलाच्या नावापुढे 'अ.पा.क.' म्हणजे अज्ञान पालनकर्ता (सज्ञान नसलेल्या मुलाचा पालक) अशी अक्षरे असतील, तर पालक कोण झाला ते आवर्जून पाहावे. भाऊबंदकीचे मूळ बहुधा तिथेच असते.

पलटणीची गोष्ट असल्यास, आणि तो पहिल्या महायुद्धात कामी आला असल्यास, कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर शोधावे. तिथे नावासोबत पलटण आणि बऱ्याचदा वडिलांचे नाव व गावही मिळते, मात्र इंग्रजी स्पेलिंग चार-पाच तऱ्हांनी घालून पाहावे लागते. नाशिक, त्र्यंबकेश्वर किंवा काशी येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांतून वंशावळ जुळते. तिथे आडनावाइतकेच मूळ गाव सांगणे महत्त्वाचे असते.

माझ्या मते खरे घबाड असते ते दस्तांत. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातील सूची 1 मध्ये दस्त करणाऱ्यांची नावे असतात आणि सूची 2 मध्ये मिळकतींचे तपशील. नक्कल मोडीत असेल तर जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्यावे, अंदाजाने वाचू नये. तारीख शकाची असल्यास 78 मिळवावेत, पण माघ-फाल्गुनातली असल्यास 79. हा एक आकडा कधी कधी सगळी गोष्टच फिरवतो. समजा, घरात सांगतात की पणजोबांनी तमाशापायी मळा घालवला, आणि हाती आलेले मुदत खरेदीखत, म्हणजे मुदतीत पैसे न फेडल्यास विक्री ठरणारे गहाण, माघ शके 1821 चे आहे. म्हणजे 1900 सालचा फेब्रुवारी, ऐन मोठ्या दुष्काळातला. असल्या वर्षी मळा गहाण पडायला तमाशाच लागतो असे नाही. तमाशा खोटाच होता असेही यावरून म्हणता येत नाही; शोधणाऱ्याने दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी लिहून ठेवाव्यात.

त्याच दस्ताचा तळ पाहायला विसरू नये. निरक्षर कुणब्याच्या नावापुढे 'निशाणी नांगराची' असे लिहून नांगराचे लहानसे चित्र काढलेले असते, बाईच्या नावापुढे बांगडीचे. आणि ज्याला अक्षरशत्रू म्हणून घरात हसले गेले, त्याच्या नावाखाली एखादे वेळी वेड्यावाकड्या अक्षरांत 'दस्तुरखुद्द', म्हणजे स्वतःच्या हातची सही, असेही निघते.