सोलापुरातून माधव स्पर्धेला बसताना: किती गणित लागतं?

एस.वाय.ला पहिल्यांदा माधव गणित स्पर्धेला, म्हणजे पदवीच्या विद्यार्थ्यांसाठीच्या गणिताच्या स्पर्धेला, बसलो तेव्हा मला एकच भीती होती, आपला सिलॅबस कमी पडणार. पुण्या-मुंबईची पोरं टोपॉलॉजी वगैरे उरकून येत असणार आणि आपण अजून टेलर सिरीजच घोटतोय. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत लायब्ररीतून दोन जाडजूड पुस्तकं आणली, चाळीसेक पानं वाचली आणि डोकं धरून बसलो. पेपरात त्यातलं काहीच लागलं नाही. जे लागलं ते बहुतेक एफ.वाय.लाच शिकवून झालं होतं, आणि तेच मला येत नव्हतं.

कसं, ते एका उदाहरणावर सांगतो. ए ही ५ बाय ५ची मॅट्रिक्स आहे, सगळ्या नोंदी वास्तव संख्या. ए² = −आय असं होऊ शकेल का? (आय म्हणजे आयडेंटिटी मॅट्रिक्स.) असलं गणित पाहिलं की मी पंचवीस अक्षरं मांडून गुणाकार करायला बसायचो. पूर्व भागात राहणारा माझा मित्र घरी तेलुगू बोलतो, पण माझी लाज काढताना त्याला सोलापुरीच लागते. तो म्हणाला, "डिटरमिनंट घे की बे!" खरंच, दोन्ही बाजूंचा डिटरमिनंट (चौरस मॅट्रिक्सवरून निघणारी एक संख्या) घेतला की डावीकडे एका वास्तव संख्येचा वर्ग येतो आणि उजवीकडे −१चा पाचवा घात, म्हणजे −१. वर्ग ऋण कसा येईल? म्हणजे अशी मॅट्रिक्स नाही. २ बाय २ला मात्र आहे: प्रतलाला ९० अंशांत फिरवणारी. दोनदा फिरवलं की १८० अंश, म्हणजेच −आय.

गुणाकाराचा डिटरमिनंट म्हणजे डिटरमिनंटांचा गुणाकार, हा नियम मला पाठ होता. सेमिस्टरच्या पेपरात तो सिद्ध करून पाच मार्कही मिळवले होते. पण तो कुठे वापरायचा असतो, हे कुणी विचारलंच नव्हतं.

तेव्हा तयारी इथून करा. लिनिअर अल्जेब्रात रँक, ट्रेस, डिटरमिनंट, आयगेन व्हॅल्यू. कॅल्क्युलसमध्ये सातत्य, मध्यममूल्य प्रमेय, क्रम आणि श्रेणींचं अभिसरण. बहुपदींची मुळं आणि सहगुणक यांचं नातं. मोजणीची गणितं, त्यात पिजनहोल (खोक्यांपेक्षा वस्तू जास्त, तर एका खोक्यात दोन येणारच) आलंच. मॉड्युलो अंकगणित, म्हणजे भागाकारात उरणाऱ्या बाकीचं गणित, कॉलेजात नीट होत नाही. ते स्वतः करा, महिनाभर पुरतो. भूमितीवर मी फारसा वेळ घालवला नाही.

श्रेणींचं थोडं जास्त सांगतो, कारण स्पर्धा ज्याच्या नावाची, तो चौदाव्या शतकातला केरळचा माधव याच कामासाठी ओळखला जातो. १ − १/३ + १/५ − १/७ … ही बेरीज π/४ होते. ही श्रेणी अभिसारी का, म्हणजे बेरीज एका ठरावीक संख्येकडे का जाते, असं विचारलं की आपण "लायबनिट्झ टेस्ट" म्हणून मोकळे होतो. त्याऐवजी आंशिक बेरजा कागदावर काढून बघा: १, ०.६६७, ०.८६७, ०.७२४. एक वर, एक खाली. वरच्या उतरत जातात, खालच्या चढत जातात आणि मधलं अंतर शून्याकडे जातं. हे एकदा हातानं केलं की टेस्टचं नाव विसरलं तरी चालतं.

दुसरी ठेच लिहिण्यात लागते. बहुपर्यायी प्रश्नांत अंदाज खपतो, मोठ्या प्रश्नांत सिद्धता लागते. मी तिथे "हे उघड आहे" असं लिहिलं होतं, आणि नेमकं तेच सिद्ध करायचं होतं. तेव्हापासून रोज एकच गणित पूर्ण वाक्यांत लिहायचं आणि मित्राला वाचायला द्यायचं, असं ठरवलं. तो प्रत्येक ओळीला "का बे?" लिहून वही परत द्यायचा. राग यायचा, पण पुढच्या वर्षी मोठ्या प्रश्नांतले मार्क त्यामुळेच आले.

पुढची हौस असेल तर विद्यापीठीय विद्यार्थ्यांसाठीची आंतरराष्ट्रीय स्पर्धा, आयएमसी, १९९४पासून होते. तिथे दोन दिवस, रोज पाच तास आणि पाच गणितं. अमेरिका-कॅनडातली पटनम आपल्याला देता येत नाही, पण तिचे जुने पेपर सोडवायला कोण अडवतंय? १२ गणितं, प्रत्येकी १० मार्क, म्हणजे १२०पैकी. आणि कित्येक वर्षी निम्म्या मुलांना एक-दोनच्या वर मार्क नसतात. हे वाचून मला फार बरं वाटलं होतं.

एक खास सोलापुरी अडचण राहिली. पेपर जानेवारीत असतो आणि त्याच सुमारास आपला गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा, भरतो. पहिल्या वर्षी मी आदल्या रात्री होम मैदानावर पाळण्यात बसून आलो होतो. दुसऱ्या वर्षी पेपर देऊन गेलो, मित्राला घेऊन. पाळणा वर जाऊन थांबला तेव्हाही तो चौथ्या गणितात एन सम असायला हवा होता का, यावरच वाद घालत होता.