छोट्या अपराइट (उभ्या) पियानोची ॲक्शन काढताना
सोलापूरच्या कोरड्या उन्हाळ्यात लाकूड आकसून ॲक्शनमधील, म्हणजे पट्टी (की) दाबल्यावर हातोडा तारेवर मारणाऱ्या यंत्रणेतील, स्क्रू सैल पडतात, आणि त्यांपैकी मागच्या बाजूचे, विशेषतः डॅम्परचे (तारांचा नाद थांबवणाऱ्या गाद्यांचे), आवळण्यासाठी ॲक्शन बाहेर घ्यावी लागते. झाकण व पुढची फळी काढल्यावर पेडलच्या उभ्या दांड्या कुठे टेकतात हे पाहून ठेवावे, ॲक्शनला धरून ठेवणारे वरचे नट सोडवावेत, ॲक्शन किंचित आपल्याकडे झुकवावी आणि लोखंडी ब्रॅकेट धरून सरळ वर उचलावी. हातोड्यांना मात्र हात लावू नये. स्पिनेट या सर्वांत बुटक्या अपराइट प्रकारात ॲक्शन पट्ट्यांच्या पातळीखाली उतरलेली असते व पट्ट्यांना जोडलेली असते, त्यामुळे ते काम जाणकारावरच सोपवणे बरे. परत बसवताना ब्रॅकेटचे पाय खालच्या गोल टोकांवर नीट बसले आहेत आणि एकही डॅम्पर तारांत अडकलेला नाही, याची खात्री नट आवळण्यापूर्वीच करावी.