मराठवाड्यातून कॉम्प्युटरची डिग्री घ्यायची तर

बारावीचा निकाल लागला की घराघरांत एकच हिशोब मांडला जातो: कॉम्प्युटरला प्रवेश, चार वर्षं, मग पुण्यात नोकरी. वीस वर्षांपूर्वी हा हिशोब बराचसा जुळायचा. आता तो नव्याने मांडावा लागतो. लातूर, परभणी, बीड, हिंगोलीच्या ज्या घरात फीसाठी कर्ज काढावं लागतं, तिथे तर आधी मांडावा आणि मगच फॉर्म भरावा.

आधी डिग्रीला किंमत कुठून आली ते बघा. २००० च्या सुमारास अमेरिकेत डॉट-कॉमचा बाजार कोसळला. जुन्या प्रणाली सांभाळणं, टेस्टिंग, सपोर्ट अशी कामं तिथल्या कंपन्या स्वस्तात करून घेण्यासाठी भारताकडे वळवत गेल्या. तिकडची मुलं काही वर्षं कॉम्प्युटर शाखेपासून लांब राहिली, आणि इकडे पुण्यात हिंजवडी-खराडीची आयटी पार्कं उभी राहिली. इथल्या सेवा कंपन्यांना माणसं हवी होती ती संख्येने. दहावीपासून साठ टक्के, बॅकलॉग नाही, इंग्रजीत दोन वाक्यं बोलता येतात, एवढ्यावर निवड व्हायची. बाकीचं त्या स्वतः शिकवायच्या. डिग्रीचा भाव होता तो या घाऊक भरतीमुळे. आज त्यातलंच पहिल्या पायरीचं काम, म्हणजे ठरावीक टेस्टिंग, किरकोळ दुरुस्त्या, अहवाल, बरंचसं यंत्राकडून होऊ लागलं आहे. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने जगभरातले सुमारे दोन टक्के, म्हणजे १२ हजारांच्या आसपास कर्मचारी कमी करण्याचं जाहीर केलं. मोठ्या सेवा कंपन्यांत फ्रेशरचं पॅकेज मात्र दहा-बारा वर्षं साडेतीन लाखांच्या आसपासच रेंगाळलं आहे.

शिकवण्यातला कॉलेजचा मक्ताही गेला. एमआयटीने आपलं अभ्याससाहित्य फुकट खुलं करायचं २००१ मध्ये जाहीर केलं. आपल्याकडे आयआयटी आणि आयआयएससीचे प्राध्यापक एनपीटीईएल या ऑनलाइन कोर्सच्या व्यासपीठावर तेच विषय शिकवतात आणि ते औंढ्यातही मोबाईलवर दिसतं.

मग डिग्री घ्यायचीच नाही का? घ्यायची. काही दारं अजूनही तिच्याशिवाय उघडत नाहीत. बँकांच्या आयटी ऑफिसर पदासाठी आयबीपीएस ही बँक भरतीची संस्था चार वर्षांची इंजिनिअरिंग पदवी, एमसीएसारखी पदव्युत्तर पदवी किंवा पदवीसोबत 'बी' लेव्हल ही कॉम्प्युटरची परीक्षा मागते. अमेरिकेच्या एच-वन-बी व्हिसालाही पदवी किंवा तिच्या तोडीची पात्रता लागते. कॅम्पस भरतीत तर पदवीच्या रकान्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. पण दार उघडण्यापुरतीच तिची किंमत धरा आणि त्याच बेताने पैसे घाला.

आता आकडे. पाच लाखांचं शैक्षणिक कर्ज, १० टक्के व्याज, सात वर्षांची फेड: हप्ता साधारण ८,३०० रुपये. शिकत असताना चढलेलं व्याज वेगळंच. साडेतीन लाखांच्या पॅकेजमध्ये हातात महिन्याला २४-२५ हजार येतात. पुण्यात कॉट बेसिसवर राहणं, मेस आणि जाणं-येणं यांत दहा-बारा हजार जातात. उरलेल्यातून हप्ता गेला की घरी काय पाठवणार? मॅनेजमेंट कोट्यातून जास्त फी भरून घेतलेली डिग्री आणि कॅपमधून, म्हणजे केंद्रीय प्रवेशफेरीतून, मिळालेली डिग्री, कंपनीच्या लेखी दोन्ही सारख्याच. माझं स्पष्ट मत आहे की केवळ 'कॉम्प्युटर' हे नाव मिळावं म्हणून मॅनेजमेंट कोट्यासाठी शेत गहाण टाकू नये.

फी कमी करायच्या वाटा आहेत, पण त्या कागदांवर अडतात. टीएफडब्ल्यूएसमध्ये, म्हणजे ट्यूशन फी माफीच्या योजनेत, पाच टक्के जादा जागांवर ट्यूशन फी माफ असते. कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत हवं. राजर्षी शाहू शिष्यवृत्तीत निम्मी ट्यूशन फी मिळते. ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना २०२४-२५ पासून पात्र अभ्यासक्रमांची पूर्ण ट्यूशन आणि परीक्षा फी माफ आहे, उत्पन्नाची अट तीच. प्रवेश मात्र केंद्रीय फेरीतूनच झालेला हवा. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर, जातवैधता ही कामं बारावीच्या दिवाळीतच सुरू करा. जूनमध्ये सेतू केंद्रावर रांग लागते, आणि वैधता वेळेत आली नाही तर राखीव जागा हातची जाते.

इंजिनिअरिंगची ऐपत नसेल तर जिल्ह्याच्या ठिकाणी बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स करून पुढे एमसीए करणं स्वस्त पडतं. एमसीए २०२०-२१ पासून दोनच वर्षांचं झालं आहे. बीसीए आता एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या कक्षेत आल्यामुळे २०२४ पासून त्याला वेगळी सीईटी आहे. तिचा फॉर्म भरायचा राहून जाणारी मुलं दरवर्षी असतात.

फुकटच्या कोर्सचं दुखणं वेगळं. सुरू सगळे करतात, पूर्ण फार थोडे करतात, कारण मागे कुणी लागत नाही. त्यावर उपाय म्हणजे परीक्षेची फी भरून टाकायची. एनपीटीईएलला शिकणं फुकट आहे, परीक्षेला एका कोर्सचे १,००० रुपये. आठ आठवड्यांच्या कोर्सला आठपैकी सर्वांत चांगल्या सहा असाइनमेंट धरतात. त्यांचे २५ गुण, केंद्रावरच्या परीक्षेचे ७५. प्रमाणपत्रासाठी असाइनमेंटमध्ये किमान १० आणि परीक्षेत किमान ३० लागतात, दोन्ही अटी वेगवेगळ्या पाळाव्या लागतात. जुलैच्या सत्रात एक, जानेवारीच्या सत्रात एक, याहून जास्त घेऊ नका. पहिला 'जॉय ऑफ कॉम्प्युटिंग', मग माधवन मुकुंद यांचा पायथनमधून डेटा स्ट्रक्चर्सचा, त्यानंतर डेटाबेस. इंग्रजी वेगात वाटलं तर सबटायटल लावून पाऊणपट वेगाने ऐका. व्हिडिओ थांबवून प्रोग्रॅम स्वतः टाइप करायचा. नुसतं ऐकलेलं परीक्षेतही उपयोगी पडत नाही.

पण प्रमाणपत्रांची थप्पी दाखवून कुणी नोकरी देत नाही. एक काम पूर्ण केलेलं दाखवावं लागतं, आणि ते 'लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टिम' नको. ती प्रत्येकाकडे असते आणि बहुतेकदा विकत घेतलेली असते. आपल्या मोंढ्यात जा. आडतीवर शेतकऱ्याला मिळणारी हिशोबपट्टी घ्या: माल, वजन, भाव, हमाली, तोलाई, निव्वळ रक्कम. ही पट्टी तयार करणारा छोटा प्रोग्रॅम लिहा.

दिसायला सोपं आहे, पण अडचणी लगेच येतात. रक्कम दशांशात ठेवली तर पैशांचा घोळ होतो, कारण कॉम्प्युटर ०.१ आणि ०.२ ची बेरीज ०.३०००००००००००००००४ अशी देतो. म्हणून रुपये पैशांत आणि वजन किलोत, पूर्ण संख्येने साठवायचं. सोयाबीन ७ क्विंटल ३५ किलो, भाव क्विंटलला ४,३५० रुपये असेल, तर ७३५ किलो गुणिले किलोमागे ४,३५० पैसे, म्हणजे ३१,९७,२५० पैसे, छापताना ३१,९७२.५० रुपये. दुसरी अडचण: नेट गेलं, मुनिमाने बटण दोनदा दाबलं आणि एकाच मालाच्या दोन पट्ट्या झाल्या. प्रत्येक पट्टीला सेव्ह करण्याआधीच एक न बदलणारा क्रमांक द्या आणि तो डेटाबेसमध्ये 'युनिक' ठेवा, म्हणजे तोच क्रमांक दुसऱ्यांदा घेतलाच जाणार नाही. तिसरी: भाव चुकला म्हणून जुनी पट्टी खोडू नका, दुरुस्तीची नवी नोंद करा. आडत्याला जुनं काय होतं तेही दिसलं पाहिजे.

हे सगळं गिटहब या कोड ठेवायच्या वेबसाइटवर ठेवा, रोजच्या रोज, थोडं थोडं. शेवटच्या रात्री 'फायनल' नावाने एकदाच चढवलेला कोड बघणाऱ्याच्या लगेच लक्षात येतो. मुलाखतीत 'हे असंच का केलं?' असं विचारतात. वरच्या तीन अडचणी स्वतः सोडवलेल्या असतील तर त्यावर पंधरा मिनिटं सहज बोलता येतं.

शेवटच्या वर्षानंतर पुण्यातल्या 'शंभर टक्के प्लेसमेंट'वाल्या क्लासची पाळी येते. पैसे भरण्याआधी हमी लेखी मागा आणि गेल्या बॅचमधल्या चार मुलांशी स्वतः बोला. दोन-तीन वर्षांचा खोटा अनुभव दाखवून देतो म्हणणाऱ्याकडे पाठ फिरवा. कंपन्या पार्श्वभूमी तपासताना पीएफच्या यूएएन क्रमांकावरून कुठल्या महिन्यात कुठल्या मालकाने पैसे भरले ते बघतात. नोंद सापडली नाही तर रुजू झाल्यानंतरही काढून टाकतात, आणि त्या कंपनीत पुन्हा अर्ज करता येत नाही. खरी नोकरी छोट्या कंपनीतली, सपोर्टची, कमी पगाराची असली तरी घ्या. रुजू होताना पीएफ कापणार का ते विचारा, आणि दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात पासबुक उघडून रक्कम खरंच जमा झाली का ते बघा.